कोरियन साहेबांचा फोन

मला कुठल्याही गोष्टीत दुसरा नंबर आलेला खपत नाही. हा माझा स्वभाव आहे, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागावी असं मला अजून वाटलेलं नाही. पनवेलच्या मराठी शाळेत मी वक्तृत्वात पहिली यायची, भांडणात तर यायचीच. नळावर कुणाशी वाजलं तर आई घरात येऊन म्हणायची, "जा गं बाहेर, तुझं काम आहे." अशा मुलीची बी.कॉम. झाल्यावर एका फोनपुढे दातखीळ बसावी, हे मला फार लागलं. भीती नंतर वाटली, आधी राग आला.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. उरणच्या बाजूला नवं बंदर सुरू झालं होतं आणि जासईच्या आसपास, जिथे भातशेती होती तिथे, भराव घालून कंटेनरची यार्डं उभी राहत होती. त्यातल्या एका यार्डाच्या ऑफिसात मला नोकरी लागली. पनवेलहून उरणची एसटी पकडायची, जासईला उतरायचं आणि ट्रकांची धूळ खात चालत आत जायचं. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, एक खडखडणारा पंखा आणि खिडकीजवळच्या टेबलावर फोन. त्या फोनमागची खुर्ची कायमची मिळणार की नाही, हे तीन महिन्यांनी ठरायचं होतं.

साहेब मुंबईहून यायचे. स्वतः इंग्रजी शाळेत शिकलेले. मराठी बोलतानासुद्धा क्रियापद तेवढं मराठी असायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "टायपिंग ओके आहे तुझं, पण मला फोन हँडल करणारी हवी. मराठी मीडियम म्हणतेस, तर बघू. नवीन पनवेलमधली एक कॉन्व्हेंटची मुलगी माझ्या नजरेत आहे." ही कॉन्व्हेंटची मुलगी मी जन्मात पाहिली नाही, पण ते तीन महिने मी तिचा इतका दुस्वास केला की बिचारीला उचक्या लागून जीव नकोसा झाला असेल.

तसं पाहिलं तर माझं इंग्रजी कच्चं नव्हतं. व्याकरणाचे मार्क काढून बघा. पण मी वाक्य आधी मराठीत जुळवायची, मग ते इंग्रजीत उतरवायची, मग काळ आणि वचन तपासायची, आणि तोवर समोरचा माणूस दोन विषय पुढे गेलेला असायचा. मग मी उपाय सुरू केले. एसटी स्टँडजवळ, घड्याळाच्या दुकानावर एक इंग्लिश स्पीकिंगचा क्लास होता. तिथे शेजारच्याला "हाउ आर यू" विचारायचं असे. शेजारी आमच्याच गल्लीतली मुलगी, तिचं कसं चाललंय ते मला तिच्या आईपेक्षा जास्त ठाऊक. वडिलांनी वेगळा उपाय काढला: रोज सकाळी आंघोळीआधी इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा, आणि ते दाढी करता करता चुका काढणार. त्यामुळे मला आर्थिक धोरणावर बोलता आलं असतं, पण "जरा थांबा, बघून सांगते" एवढं म्हणता येत नव्हतं. तिसरा उपाय माझा स्वतःचा. तेव्हा गोव्याच्या गाड्या पनवेल स्टँडवर थांबायच्या आणि त्यात पाठीवर बोचकी घेतलेले परदेशी लोक असायचे. एका संध्याकाळी मनाचा हिय्या करून मी एका बाईला विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग?" ती बाई मनापासून, हसत हसत, पुष्कळ बोलली. त्यातलं मला फक्त गोवा कळलं, आणि ते बसच्या पाटीवर लिहिलेलंच होतं.

ऑफिसातले बहुतेक फोन मराठी-हिंदीत भागायचे. गाडं अडायचं ते एका माणसापाशी. आमच्या यार्डात ज्यांचे कंटेनर यायचे, त्यातल्या एका जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसात एक कोरियन अधिकारी आले होते. सगळे त्यांना कोरियन साहेब म्हणायचे. ते स्वतः फोन करत, भराभर बोलत, आणि खाडकन ठेवून देत. आमचे साहेब स्वतः फोनला हात लावत नसत, आणि त्यांचं एक अक्षर आमच्यात कुणाला कळत नसे. पण त्यांच्या इंग्रजीबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. फॉरेनचा माणूस म्हटल्यावर इंग्रजी त्याच्या घरचंच असणार, असा आमचा हिशोब होता. कळत नाही म्हणजे फारच वरच्या दर्जाचं असणार. मीही तसंच धरून चालले होते.

न कळलेल्या इंग्रजीचं काय करायचं, याची ऑफिसात एक ठरलेली रीत होती. ती मला चाचांनी शिकवली. चाचा म्हणजे आमचे हेडक्लार्क, उरणपलीकडच्या मोरा बंदराकडून यायचे, अत्यंत सभ्य आणि कनवाळू गृहस्थ. "बेटी," ते म्हणाले, "समजलं नाय असं कधी बोलायचं नाय. इज्जतीचा सवाल आहे. यस सर, ओके सर बोलायचं नि फोन ठेवायचा. मग आपण बसून इचार करू." आणि खरोखरच फोन ठेवल्यावर चहा मागवला जायचा आणि कोरियन साहेब काय म्हणाले असतील यावर पंचायत बसायची. चाचांना त्यात 'मंडे' ऐकू आलेला असायचा, कॅशियरला 'ट्वेंटी'. दारात यार्डाचा मुकादम उभा असायचा, जासईचाच माणूस. तो वैतागून विचारायचा, "अवो, तुमी ठरवा लवकर. आमी कुठला डबा काढाचा? क्रेनवाला वाट बघतंय." यार्डात कंटेनरला डबाच म्हणत. पंचायत जो सांगेल तो डबा निघायचा, आणि नवल म्हणजे पुष्कळदा तो बरोबर असायचा.

एकदा तो चुकला. कोरियन साहेबांना टॉवेलच्या मालासाठी रिकामे डबे हवे होते, आणि पंचायतीने पाठवले ते नुकतंच कच्चं चामडं उतरवलेले, न धुतलेले. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको. कारखान्यातून डबे तसेच परत आले. मुंबईहून आमच्या साहेबांची चांगलीच खरडपट्टी निघाली. मग माझ्या टेबलापाशी आले. "यापुढे कोरियनचा फोन तू घ्यायचास. जमला तर खुर्ची तुझी. नाही जमला, तर मंथ एंडला मी त्या मुलीला बोलावतो." चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मला सासरीच पाठवत होते.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आईला त्याची दखल घेण्याचं कारण नव्हतं. घरी पाहुणे यायचे होते. तिने पिशवी हातात दिली आणि वाण्याकडून काय काय आणायचं ते सांगितलं. मग तिच्या नेहमीच्या सवयीने म्हणाली, "म्हणून दाखव."

मी भडकले. "मी काय आता बालवाडीत आहे? इतकी वर्षं झाली, अजून माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर कशाला अविश्वास दाखवू?" आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "माझं मला कळायला नको, मी नीट सांगितलंय की नाही ते? परवा रवा आण म्हणायचं ते मैदा म्हणून बसले. तू म्हणून दाखवलंस तेव्हा माझ्या लक्षात आलं."

मी तोंड वाकडं करून सगळं म्हणून दाखवलं, आणि वाण्याच्या दुकानापर्यंत जाता जाता माझे पाय मंदावले. लहानपणापासून मला वाटत होतं की ही माझी परीक्षा आहे. आई परीक्षा स्वतःची घेत होती. न कळण्यात ऐकणाऱ्याचाच दोष असतो, असं कुणी ठरवलं? हा विचार मला इतका आवडला की गूळ आणायचा राहिलाच.

कोरियन साहेबांचा फोन दोन-तीन दिवसांनी आला. मी पाठ केलेलं "गुड मॉर्निंग सर, हाउ मे आय हेल्प यू" फटकन म्हणून टाकलं. मग पलीकडून नेहमीसारखा लोंढा आला आणि थांबला. म्हणजे आता "यस सर" म्हणायची वेळ. चाचांचे ओठ तसे हललेसुद्धा.

मी म्हटलं, "सर, प्लीज वेट. आय विल से. यू टेल मी, राइट ऑर राँग."

मला पोटभर वाईट इंग्रजी बोलायचं होतं, ते मी बोलले. "टेन कंटेनर, सर. ट्यूजडे."

"नो."

"टेन कंटेनर?" मी एकच तुकडा म्हटला.

"यस. टेन."

"ट्यूजडे?"

"नो, नो. थर्सडे."

"थर्सडे. क्लीन?"

"वॉश," ते म्हणाले. "वॉश. अँड ड्राय." आणि मग ते थांबले. मी म्हणून दाखवेपर्यंत थांबले. त्यांच्याकडून हे पहिल्यांदाच घडत होतं. ते एक तुकडा देत, मी तो परत देई, ते होय किंवा नाही म्हणत. साहेब केबिनच्या दारातून हाताने खुणावत होते, पुरे, ठेव फोन. मी खुर्ची भिंतीकडे फिरवली. वरिष्ठांकडे पाठ करून बसायची आपली काही रीत नाही, पण तेव्हा मला रीतीपेक्षा डबे महत्त्वाचे वाटले. दार घट्ट बसणारे हवेत, चामड्याचे अजिबात नकोत, सकाळी लवकर पाठवायचे, असं सगळं निघालं. पंचायतीला त्यातलं अर्धंही सुचलं नसतं.

फोन ठेवल्यावर चहा मागवायची गरज पडली नाही. मी मुकादमाला सरळ सांगितलं आणि तो "आता कसं" म्हणत गेला. पण साहेब खूश नव्हते. "कस्टमरला इतक्या वेळा नो म्हणायला लावलंस? त्याला वाटलं असेल, इथे कुणाला इंग्लिश येत नाही."

"साहेब, कुठले डबे ते तर कळलं."

"हाउ इट लुक्स, तेही बघावं लागतं," ते म्हणाले, आणि मला कळलं की त्यांनी मनातल्या मनात त्या मुलीला बोलावून टाकलंय. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, आणि ते हरल्याचं होतं, हे कबूल करते. काम चोख केलं होतं आणि तरी खुर्ची जाणार होती.

डबे गेले, टॉवेल भरले गेले, तक्रार आली नाही. पुढच्या आठवड्यात फोन वाजला तेव्हा साहेब केबिनच्या बाहेरच, माझ्या टेबलापाशी होते. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करायला म्हणून तो त्यांनी स्वतःच घेतला. काय ते इंग्रजी! मी ऐकतच राहिले. वाक्याला वाक्य लागून, कुठे अडखळणं नाही. मग ते थांबले, ऐकू लागले. पुन्हा बोलले. पुन्हा थांबले. मग त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तू हवी आहेस त्याला," ते म्हणाले. "लेडी, लेडी करतोय."

महिनाअखेर आली आणि गेली, त्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही. कोरियन साहेबांचा फोन आला की चाचा आता दुरूनच म्हणायचे, "बेटी, तुझा आला."

पावसाळा संपल्यावर कोरियन साहेब एकदा स्वतः यार्ड बघायला आले. मी मनात कुणी धिप्पाड, रुबाबदार माणूस रंगवला होता. आला तो तिशीचा, किडकिडीत, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला एक तरुण. साहेबांनी थंड पेय मागवलं, खुर्ची पुढे केली, पण तो उभाच राहून टेबलं न्याहाळत होता. "हू इज टेलिफोन लेडी?"

मी उठून उभी राहिले. तो माझ्या टेबलापाशी आला आणि एकेक शब्द ठेवत, मी फोनवर बोलायची तसाच, बोलू लागला. "यू से अगेन. सो आय अंडरस्टँड. अदर पीपल, फास्ट इंग्लिश. आय नॉट अंडरस्टँड. आय से यस, यस, फोन डाउन. देन आय आस्क माय ड्रायव्हर."

चाचांच्या हातातला चहाचा कप बशीवर टेकला. म्हणजे इकडे आम्ही "यस सर" म्हणून पंचायत भरवत होतो, आणि तिकडे हा माणूस कारखानेवाल्यांना "यस, यस" म्हणून ड्रायव्हरला गाठत होता. इतके महिने दोन्हीकडचे डबे देवाच्या भरवशावर चालले होते.

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज थोडा खाली घेतला आणि पोटावर मूठ ठेवली. "फोन रिंग," तो म्हणाला, "अँड हिअर, स्टोन."

पोटात गोळा येतो तो आमच्याकडेच, असं मला वाटायचं. ज्याच्या आवाजाची मी धास्ती घेतली होती, त्याने माझीही घेतली होती. मला त्या परक्या माणसाबद्दल एकदम इतकी माया वाटली की साहेब शेजारी उभे आहेत याचं भानच राहिलं नाही.

"मी टू, सर," मी म्हटलं. "एव्हरी मॉर्निंग. इन द बस, बिफोर एनीबडी कॉल्स."

तो मोठ्याने हसला. साहेबांना काय झालं ते कळलं नाही. इंग्रजीसाठी त्यांच्या पोटात कधी गोळा आला नव्हता. आणि मी तशीच उभी राहिले, कारण वाक्य बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की हे मी आधी मराठीत जुळवलंच नव्हतं.