आर्या सुमना घरी गेल्या

बावीस वर्षांची दामिनी घर सोडून सक्करदऱ्याच्या भिक्खुणी विहारात आली, तेव्हा दार उघडलं आर्या सुमनांनी. "पहिले जेवून घे, मंग बोलू," एवढंच त्या म्हणाल्या. पुढं त्यांनीच तिचं मुंडन केलं, चीवर नेसायला शिकवलं, खेमा हे नाव दिलं.

सुमना पूर्वीच्या कौशल्याबाई. नवरा वारला, मुलगा दुर्गेश नोकरीला लागला, मग त्यांनी दीक्षा घेतलेली. खेमा आली तेव्हा तिला धरून विहारात पाच जणी होत्या. दोघी वारल्या, एक बोधगयेला गेली; उरल्या या दोघी.

खेमाच्या अकराव्या वर्षी सुमनांचं विसरणं सुरू झालं. वंदना तोंडपाठ, पण आपण कोण ते आठवेना. दुपारनंतर जेवायचं नाही, हे खेमाला त्यांनीच शिकवलेलं; आता दिवस कलला की त्या चुलीपाशी येऊन बसत. "भूक लागली वं. मले काहून उपाशी ठेवून राहिली?" आजारी माणसाला चालतं, असं मनाला समजावत खेमा वरणभात भरवायची.

एकदा मुंडनाच्या दिवशी वस्तरा पाहून सुमना किंचाळल्या. "माह्ये केस नोको कापू! दुर्गेश मले ओळखन काय?"

खेमानं वस्तरा खाली ठेवला आणि दुर्गेशला फोन केला.

"तुम्ही आर्याच म्हणत होत्या, आई आता आमची नाही," तो म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. सुनेनं साडी आणली होती. सुमनांनी ती हौसेनं नेसली, निऱ्या दोनदा नीट केल्या. गाडीत बसताना शेजारणीला सांगावं तसं खेमाला म्हणाल्या, "येजो वं घरी."

नंतर त्यांना भेटायला जायचा खेमाला धीर झाला नाही. पाच महिन्यांनी सुमना वारल्या, पुण्यानुमोदनाची पत्रिका आली. तिच्यावर नाव फक्त कौशल्याबाई. दुर्गेशच्या घरी कार्यक्रमात भन्ते धम्मानंद आदर्श गृहिणीबद्दल बोलले. सुमनांच्या सतरा वर्षांच्या चीवराचा कुणी उल्लेख केला नाही. मागं बायकांत बसलेल्या खेमाला एकीनं विचारलं, "आर्याजी, तुमी त्याईच्या कोन?"

उठून सगळं सांगावं असं खेमाला वाटलं. पण त्यांना या घरी आपणच धाडलं होतं.

"ओळख होती," ती म्हणाली, आणि जेवणाआधीच निघाली.

विहारात आता ती एकटीच वंदना म्हणते. मध्येच चुकते, दुरुस्त करायला कुणी नसतं.