आडनावाच्या रकान्यातले आबा

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी तू रविवारीसुद्धा कामात कशी?" तेव्हा मी घाईत होते, म्हणून आता नीट लिहिते.

आपल्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी डॉक्टर तुम्हाला आठवत असेल. मागच्या सुट्टीत तुम्हाला परसातले पेरू काढून देत होती, तीच. ती डोळ्यांची डॉक्टर आहे, बिद्रीजवळच्या एका गावातली. उसाचं पान फार धारदार असतं. ऊस तोडताना ते डोळ्याला लागलं की जखम होते, ती चिघळते, आणि दवाखाना गाठायला उशीर झाला तर बुबुळावर पांढरा डाग राहतो. त्याला इकडे फूल पडणं म्हणतात. तिचा अभ्यास याच दुखण्यावर आहे.

त्यावरचा लेख तिने एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला होता, तो काही महिन्यांपूर्वी परत आला. मजकुराविषयी तक्रार नव्हती. शेवटी दिलेली संदर्भांची यादी त्यांच्या पद्धतीने लिहिलेली नव्हती. सोमवारपर्यंत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर लेख मागे घेतला असं समजू, असं त्यांनी कळवलं होतं. इथल्याच एका कॉलेजात पुढे जागा निघणार होती आणि अर्जासाठी तिला हा दुसरा लेख छापायला स्वीकारलेला हवा होता. ती जागा हुकली तर नोकरीसाठी लांब कुठेतरी जावं लागणार, आणि गावाकडे तिचे वडील एकटेच. जिन्यावर बसून ती हे सांगत होती. जेवणाचा डबा मांडीवर तसाच होता.

मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं. औषधपाण्यातलं मला काही कळत नाही, पण स्वल्पविराम कुठे हवा ते कळतं. "रविवारी दुपारी कागद घेऊन खाली ये," मी म्हटलं.

यादीचे नियम एकदा समजले की सोपे असतात. लेखात जो संदर्भ आधी आला त्याला आधीचा नंबर. लेखकाचं आडनाव पूर्ण, पुढे फक्त आद्याक्षरं, त्यांच्यामध्ये टिंबं नाहीत. नावं सहाच्या वर गेली की पुढे "आणि इतर". मी छापील कागदावर ओळीखाली पट्टी धरून मोठ्याने वाचायची आणि ती संगणकावर मूळ लेख उघडून ताडून पाहायची. विरामचिन्हंसुद्धा वाचायची, हा माझा नियम.

"वर्ष, अर्धविराम, खंड, कंस, अंक, कंस पुरा, अपूर्णविराम—"

"काकू, कोलन म्हणा की. अपूर्णविराम म्हणेपर्यंत माझी ओळ हरवते."

एवढ्यात तिचे वडील, आबा, गावाहून आले, काकवीची बाटली घेऊन. दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि थोडा वेळ ऐकत राहिले.

"चालू द्या बाई तुमचं," ते म्हणाले. "मला वाटलं, सत्यनारायण हाय."

नवव्या संदर्भावर माझी पट्टी थांबली. आडनावाच्या जागी चक्क पुरुषाचं नाव होतं. "हे आडनाव नाही गं," मी म्हटलं. "कुणाचं तरी पहिलं नाव दिसतंय."

ती हळूच म्हणाली, "माझाच आहे तो, काकू. शिकत असतानाचा पहिला लेख."

तुमच्या शाळेत तुमचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. आमच्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पहिला लेख पाठवताना संगणकाने पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव विचारलं, आणि हिने गुणपत्रिका समोर ठेवून त्याच क्रमाने भरलं. शेवटच्या रकान्यात वडील गेले. जगाच्या लेखी तेच तिचं आडनाव झालं. ती स्वतः एका अक्षरापुरती उरली.

"इथे तरी बरोबर करूया," ती म्हणाली.

माझाही हात पेनकडे गेलाच होता. पण ते लोक यादीतली प्रत्येक ओळ मूळ नोंदीशी ताडून पाहणार. आम्ही नाव बदललं तर तो लेख त्यांना सापडणारच नाही आणि सगळं पुन्हा परत येईल. "मग काढूनच टाकते," ती म्हणाली. तेही जमणारं नव्हतं. नवा लेख त्या जुन्यावरच उभा होता.

"काय झालं?" आबांनी विचारलं. तिने सांगितलं.

"म्हंजे त्यात माझं नाव छापलंय? विंग्रजीत?"

"व्हय आबा. चुकून."

आबांच्या डाव्या डोळ्यात फूल आहे, ते मला तेव्हा नीट दिसलं. "डोळा माझा, नाव बी माझं," ते म्हणाले. "मग तू काय केलंस गं?"

आम्ही हसलो, ती मात्र हसली नाही. आबा माझ्याकडे वळले. "पर बाई, हे काय बरं न्हाय. शिकली ती, जागली ती. माझं नाव कशाला? हिचं लावा."

मी त्यांना म्हटलं, "आबा, ही यादी काम कुणी केलं ते सांगायला नसते. वाचणाऱ्याला तो लेख सापडावा म्हणून असते. घराच्या पत्त्यात नाव चुकीचं पडलंय, पण पत्र पोचायचं तर आज तोच पत्ता घालायला हवा. पत्ता बदलायचा अर्ज वेगळा करू."

तो अर्ज मी तिथेच लिहायला घेतला, त्या जुन्या नियतकालिकाच्या संपादकांना, माझ्या शाळेतल्या इंग्रजीत. नववी ओळ छापलेली होती तशीच ठेवली. बाकीची यादी संपली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

मग नवा लेख पाठवायला तिने संगणकावर तेच तीन रकाने उघडले. या वेळी शेवटच्यात आडनाव लिहिलं आणि मला दोनदा वाचायला लावलं. आबा खुर्ची ओढून जवळ आले.

"मी कुठं बसतोय?"

"मधी."

"जागा किती?"

"एक अक्षर, आबा."

"बास की. आज एष्टीत तेवढी बी मिळाली न्हाय."

आता मात्र ती हसली, आणि हसतच तिने बटण दाबलं.

यादी त्यांना पसंत पडली. लेख परीक्षकांकडे गेला, आणि गेल्या आठवड्यात स्वीकारल्याचं कळलं. जुन्या संपादकांचं उत्तर अजून आलेलं नाही. मी त्यांना पुन्हा लिहिणार आहे. कॉलेजच्या अर्जाचा फॉर्म काल तिने खाली आणला होता. नावाचा रकाना तेवढा माझ्यासमोर बसून भरला.