दुधाच्या ओट्यापासून पुढे

ओइवाला स्वस्थ बसवत नव्हतं. ज्या माणसानं उभा जन्म ट्रकच्या स्टिअरिंगमागे काढला, त्याला शेजारच्या सीटवर बसवणं म्हणजे गायीला सोफ्यावर बसवण्यासारखंच. तांपेरे शहर मागे पडून थर्मासमधली कॉफी जेमतेम कोमट झाली असेल, तेवढ्यात त्यानं काच वरखाली करून पाहिली, पट्टा सैल केला, परत आवळला, पाय लांब केले, आखडले, आणि शेवटी हात घातला तो थेट मधल्या आरशाला.

"आरशाला हात लावू नकोस," सिर्का म्हणाली. "आता तो माझा आहे."

"तुला मागचं नीट दिसतंय का, एवढंच बघत होतो."

"तुझ्यापेक्षा बरं दिसतंय."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. ओइवानं आरशावरून हात काढला. मागच्या सीटवर हिल्लानं सुस्कारा टाकला. ही करड्या रंगाची त्यांची शिकारी कुत्री. नेहमी ओइवाच्या पाठीमागे बसायची, म्हणजे चालकाच्या मागे. आता धनी दुसऱ्या बाजूला, धनीण भलतीकडे, त्यामुळे ती बिचारी कधी इकडे कधी तिकडे सरकत होती. गाडीत स्वस्थ असं कुणीच नव्हतं.

झालं होतं असं, की ओइवाच्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक धुरकट ठिपका येऊन बसला होता. कडेचं सगळं दिसे. पण जिथं पाहावं तिथंच नेमकं काही नसे. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. गेल्या उन्हाळ्यातच थोडं धूसर वाटत होतं, पण चष्मा पुसून त्यानं तो विषय संपवला होता. बर्फ वितळायला लागलं तेव्हा सिर्कानं त्याला दामटून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरगेलीशी बाई होती. तिनं बराच वेळ डोळ्यांत उजेड पाडला आणि म्हणाली, "आता गाडी चालवायची नाही." ओइवानं टोपी घातली, आभार मानले, घरी येऊन किल्ल्या सिर्कापुढे ठेवल्या आणि लाकडं फोडायला गेला. कुणाला काही सांगितलं नाही. आमच्याकडचे पुरुष दुखणं सांगत नाहीत आणि ज्याला ते कळतं तोही ब्र काढत नाही. ह्याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो. काय बोलायचं?

तर आता युहान्नुसचा सण तोंडावर आला होता, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि ती दोघं दरवर्षीसारखी उत्तरेला, कूसामो गावाच्या पलीकडे, ओइवाच्या थोरल्या भावाकडे निघाली होती. भावाचं नाव आर्मास. तोही म्हातारा, एकटा, वडिलांच्या शेतावरच राहिलेला. ट्रॅक्टर कसा हाकायचा हे ओइवा त्याच्याच मांडीवर बसून शिकला. मग आर्मास गाईंपाशी राहिला आणि ओइवा लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर गेला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून ओंडके नेताना दार उघडं ठेवून चालवायचं, म्हणजे बर्फ फुटलंच तर उडी टाकता येते. असं चालवलंय त्यानं. आर्मास हे गावात सांगत फिरायचा. स्वतः ओइवानं कधी सांगितलं नाही.

दरवर्षी आर्मास ओसरीवर उभा असे. सणासाठी कापून आणलेली बर्चची दोन कोवळी झाडं पायरीच्या दोन्ही अंगांना रोवलेली, आणि मधे हा. मिठी नाही, हातात हात नाही. "किती वेळ लागला?" एवढंच विचारायचा. ओइवा सांगायचा. मग रस्ता कुठल्या गावावरून धरला ते: "कायानीवरून?" "कायानीवरून." मग मान हलवून तो कॉफी ओतायला आत जाई. झाली भेट. पण ह्या एवढ्यासाठी ओइवाचा जीव वर्षभर तुटायचा. आणि आता सांगा, शेजारच्या सीटवरून उतरणाऱ्याला कोण विचारणार किती वेळ लागला म्हणून?

तांपेरे सोडल्यापासून त्याच्या डोक्यात हेच चाललं होतं. काहीही करून आर्मासच्या अंगणात आपण स्टिअरिंगमागे बसून शिरायचं.

"गिअर बदल," तो म्हणाला. "चढ आलाय."

"चढ मला दिसतोय."

"इंजिन रडतंय."

"इंजिन नाही, तू रडतोयस. सकाळपासून."

समोरून लाकडाचा ट्रक आला. आवाजावरूनच त्याला कळलं. सवयीनं त्यानं हात वर केला. ट्रक धडधडत निघून गेला. ट्रकवाले हात करतात तो चालवणाऱ्याला. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याकडे कोण बघतं? ओइवानं वर केलेल्या हातानं कपाळ खाजवलं. पुढच्या ट्रकलाही त्यानं हात केला, त्याच्या पुढच्यालाही. सिर्काच्या ते लक्षात आलं होतं. मग एका ट्रकला तिनंच स्टिअरिंगवरून बोटं उचलली. ट्रकनं भोंगा वाजवला.

"बघ," ती हसून म्हणाली, "मला ओळखतात."

ओइवाला इतका राग आला की पुढच्या पंपापर्यंत तो खिडकीबाहेरच बघत राहिला.

पंपावरच्या हॉटेलात दोघांनी मांसाची पाव-कचोरी घेतली. अर्धी हिल्लाला गेली. टेबलापाशीही ओइवा बसेना. उभ्यानंच कॉफी प्यायला, गाडीभोवती चक्कर मारली, चाकांना लाथ मारून हवा पाहिली. सिर्का काचेतून बघत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्मभर शेकडो पोरांना वठणीवर आणलं होतं, पण असलं पोर तिलाही आवरत नव्हतं. ती बाहेर आली.

"ओइवा, आर्मासला सांगून टाक. आल्या आल्या सांग. एक मिनिटाचं काम आहे."

"काय सांगू? तुझ्या भावाला आता बायको फिरवते म्हणून?"

"बायको फिरवते यात लाजण्यासारखं काय आहे? मला तू जन्मभर फिरवलंस, मी लाजले का?"

ओइवानं गाडीत बसून दार जोरात लावलं.

कायानी मागे पडल्यावर त्यानं मनातलं बाहेर काढलं. "दुधाच्या ओट्यापाशी थांब. तिथून मी घेतो."

मोठा रस्ता सोडून आर्मासच्या घराकडे कच्चा रस्ता जिथं फुटतो, तिथं लाकडी ओटा आहे. पूर्वी डेअरीच्या गाडीसाठी त्यावर दुधाचे कॅन ठेवत. आता त्यावर नुसतं गवत वाढतं.

"वेड लागलंय का तुला?"

"तो रस्ता आपल्या शेतातला आहे, सिर्का. कुत्रं फिरकत नाही तिथं. कडा दिसतात मला, दोन्हीकडच्या. कडांच्या मधून गेलं की झालं."

"नाही."

"नुसतं अंगणात शिरायचंय."

"नाही म्हटलं ना!"

मग तो बोललाच नाही. तक्रार नाही, सूचना नाही. चढ आला, इंजिन खरंच रडलं, तरी ओठ मिटलेले. आरशाकडे हात गेला नाही. समोरून आलेल्या ट्रकलाही त्यानं हात केला नाही. त्याची चुळबुळ सहन होत होती, पण हे सिर्काला सहन होईना. दुतर्फा पाइनची झाडं सरत राहिली, एक रेनडिअर रस्त्यात येऊन उभं राहिलं, सिर्कानं गाडी थांबवून त्याला जाऊ दिलं, आणि ह्यानं त्यावरही काही म्हटलं नाही. ओटा आला तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली.

"हळू," ती म्हणाली. "पायी चालल्यासारखं. आणि आत गेल्यावर सांगायचं. आजच."

"सांगतो," ओइवा म्हणाला. त्या क्षणी त्यानं काहीही कबूल केलं असतं.

तिनं हिल्लाला मोकळं होण्यासाठी खाली सोडलं. ओइवा पलीकडून फिरून आला, सीट मागे सरकवली, हात स्टिअरिंगवर ठेवले. आणि खरं सांगतो, त्याला फार आनंद झाला. पाठ सरळ झाली. पायाला क्लच सापडला, हाताला गिअर सापडला. कशासाठीही डोळ्यांची गरज पडली नाही. मागचं दार धाडकन लागलं. सिर्का येऊन शेजारी बसली आणि पट्टा शोधू लागली.

"हिल्ला?" त्यानं विचारलं.

"चढली असेल. दार लावलं मी."

त्यानं गाडी सोडली. डावीकडे चर दिसत होता, उजवीकडे उंच गवत. मधे धुरकट, करडं, सपाट असं काहीतरी होतं, म्हणजे रस्ताच. सिर्कानं पट्टा लावून मागे पाहिलं. सीट रिकामी होती. तिनं समोर पाहिलं.

"थांब! ओइवा, थांब!"

त्याचा पाय आपोआप दाबला गेला. जन्मभराची सवय होती, त्या सवयीनंच वाचवलं. खडी करकरली, गाडी झटका देऊन थांबली. हिल्ला रस्त्याच्या बरोबर मध्यावर, नाक बंपरला लागेल इतक्या जवळ उभी होती. रस्त्याच्याच रंगाची. शेपूट हलवत होती. ती बाजूला झाली नव्हती, कारण व्हायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. स्टिअरिंगमागे ओइवा असताना गाडी अंगावर येईल, हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

ओइवा उतरला. गुडघे टेकून त्यानं तिची मान धरली. तिच्याकडे पाहिलं तर कानांच्या मधे नुसता धूर. मग त्यानं मान वळवून चराकडे पाहिलं, तेव्हा कुठं डोळ्याच्या कोपऱ्यात तिचं तोंड दिसलं, जीभ बाहेर काढलेलं, खूश.

सिर्का गाडीला टेकून उभी होती. "मीच दिल्या किल्ल्या," ती म्हणाली. "मला कळत होतं, तरी दिल्या."

"मीच मागितल्या. तू जा पुढे. आम्ही चालत येतो."

"आर्मास विचारेल."

"विचारू दे."

ती गेली. धूळ खाली बसली. डास आले. ओइवा हिल्लाच्या पट्ट्यात बोट अडकवून चालू लागला. ह्या रस्त्यावर तो पायी चालला होता तो शाळेत असताना, त्यानंतर नाहीच. रस्ता इतका लांब आहे हे तो विसरूनच गेला होता.

घराकडे वळायच्या कोपऱ्यावर त्याच्या तोंडाला पानं लागली. तो दचकून मागे झाला. हातानं चाचपलं. कोवळा बर्च, आजच कापलेला, जुन्या दुधाच्या कॅनमध्ये दगड भरून उभा केलेला. कॅनला पांढरा रंग दिलेला. वळणाच्या दुसऱ्या अंगाला तसाच दुसरा. ओइवाला वाटलं आपण ओसरीपाशी पोचलो. पण ओसरी अजून पुढे होती, कौलांची लाल कड त्याला झाडांच्या वर दिसत होती. त्यांच्या घरात बर्च कधी दारातून हलले नव्हते. आई असताना नाही, वडील गेले त्या वर्षीही नाही.

घराकडून पावलं आली. आर्मासचं जरा फरफटतं चालणं.

"किती वेळ लागला?" आर्मासनं विचारलं.

ओइवानं तोंड उघडलं, पण आकडा काही येईना. "मला दिसत नाही, आर्मास," तो म्हणाला. "बर्फ वितळल्यापासून गाडी सिर्का चालवते. तांपेरेपासून तिनंच आणली."

आर्मासनं मान हलवली. "ठाऊक आहे."

"सिर्कानं फोन केला?"

"टपालपेटीनं सांगितलं. गेल्या वर्षी तू ती इथं आडवी केलीस आणि आत येऊन म्हणालास, रस्ता सुरेख ठेवलायस."

"फांदी लागली होती ती."

"टपालपेटी होती. माझ्या टपालासकट."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलू? तुला नको चालवू म्हणू? मी?" आर्मासचा आवाज खाली गेला. "म्हटलं, वळणावर काहीतरी मोठं उभं करावं. ठळक. म्हणजे तुला सापडेल."

ओइवाच्या मस्तकात तिडीक उठली आणि तिथंच विझली. "मला वळण सापडलं असतं," तो म्हणाला, "आणि मधे हिल्ला असती तर? आत्ता ओट्यापाशी होती मधे. मी सोडली गाडी तिच्यावर. सिर्का ओरडली म्हणून ही चालतेय."

आर्मासनं डोक्यावरची टोपी काढली. त्याचा चेहरा ओइवाला दिसत नव्हता, पण टोपी हातात पिळली जात होती ती डोळ्याच्या कडेला दिसत होती. बराच वेळ दोघंही डास मारत राहिले.

मग ओइवा वाकला आणि त्यानं एक बर्च कॅनमधून उपटला. "हे इथले नाहीत. दारातले आहेत. घे तो दुसरा."

आर्मासनं दुसरा खांद्यावर टाकला. "वाट दिसते का तुला?"

"कडा दिसतात."

"मग तू कड धर. मधून मी चालतो."

तसेच ते निघाले. हिल्ला दोघांच्या मधे, खांद्यावरच्या पानांची सळसळ, आणि पुढे अंगणात निळी गाडी, तिच्याशेजारी सिर्का, कपाळावर हात धरून वाटेकडे बघत उभी. निम्म्या वाटेत आर्मासनं विचारलं, "कायानीवरून?"

"कायानीवरून," ओइवा म्हणाला. "सिर्कानं नीट आणलं."