मावशींची लागण

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात माझ्या बायकोच्या मावशींकडे गेलेला पांढरा कपडा पांढराच परत आला, असं कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. मावशींची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलमध्ये गेली. पाहुण्यांना त्या दारातच हात धुवायला लावत. रिटायर झाल्यावर त्यांना कापड रंगवायचं वेड लागलं. कांद्याची टरफलं, डाळिंबाची सालं, हळद, नीळ यांनी गराज भरून गेलं. एकदा जेवताना माझ्या शर्टावर आमटी सांडली. मावशींनी शर्ट काढून घेतला आणि मी बनियनवर कोट चढवून घरी आलो. शर्ट परत आला तो झेंडूच्या रंगाचा. "डाग दिसतोय का?" त्यांनी विचारलं. डाग दिसत नव्हता. ऑफिसात मी मात्र लांबूनही दिसायचो.

मागच्या अंगणात वाळणाऱ्या या रंगीबेरंगी कपड्यांबद्दल शेजारची मार्गारेट तक्रार घेऊन आली. तिचा नवरा नुकताच गेला होता. पूर्वी ती शाळेत लॅटिन शिकवायची. रंगाची पातेली बघून तक्रार राहिली बाजूला. कापड रंगवणाऱ्याला लॅटिनमध्ये 'इन्फेक्टर' म्हणत, असं तिनं सांगितलं. मूळ अर्थ बुडवून रंगवणं, मग डागाळणं, आणि त्यातूनच इन्फेक्शन. मावशींनी लगेच मला ऑफिसात फोन केला. "जन्मभर ज्या नावाशी लढले, ते माझंच निघालं की हो. आपल्याकडे तरी काय, कपड्याला रंग लागतो आणि माणसाला लागण होते."

पुढे मार्गारेट नवऱ्याचा विटलेला निळा स्वेटर घेऊन आली. उडालेला रंग पुन्हा चढवणाऱ्याला लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहे, 'ऑफेक्टर', म्हणाली; तेवढं जमेल का? न विचारता लोकांचे पडदे ओढून नेणाऱ्या मावशी पहिल्यांदाच घाबरल्या. लोकरीचे तुकडे रंगवून मला फोटो पाठवत राहिल्या. शेवटी एका सकाळी, मला शेजारी उभं करून, त्यांनी स्वेटर निळीत बुडवला.

वाळल्यावर रंग जरा गडदच निघाला. मार्गारेटनं स्वेटर अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या.

"तो म्हणाला असता, फार भडक झालाय," ती हसत म्हणाली, आणि हसता हसताच रडू लागली. मावशींनी तिला जवळ घेतलं.

परवा भुरभुर बर्फ पडत होता. त्या दोघी फुटपाथवरून सावकाश चालल्या होत्या. मार्गारेटच्या कोटाखालून निळी कड डोकावत होती. मी गाडी हळू केली, पण हॉर्न दिला नाही. त्यांच्या गप्पा चालल्या होत्या.