ह्यांच्या गाडीला बारमाही टायर

गाडी घसरली ती घोडबंदरच्या उतारावर. पाऊस म्हणावा असा नव्हताच, नुसती भुरभुर. फिजिओथेरपी आटोपून आम्ही ठाण्याहून घरी येत होतो. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, मीही मारला, आणि गाडी थांबायचं सोडून आडवी सरकत गेली. शेजारी हे बसलेले. ह्यांचा उजवा हात, माझ्या बाजूचा, आजारपणापासून हलतच नाही. डाव्या हाताने ह्यांनी दाराची मूठ आवळून धरली. टेम्पोला लागता लागता गाडी थांबली. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. मी ह्यांच्याकडे बघितलं. ओठ हलत होते, काहीतरी सांगायचं होतं, आणि बाहेर आलं ते एवढंच, "हो."

पक्षाघातानंतर ह्यांच्याकडे तो एकच शब्द राहिलाय. भूक लागली तरी हो, जेवण नको असलं तरी हो, चिडले की जोरात हो. मान हलवतात तीही कधी उलटी, कधी सुलटी. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. सगळं समजतं, हेच जास्त जिवाला लागतं.

ही गाडी ह्यांची हौस. भाईंदर पूर्वेला ह्यांचा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा गाळा होता. उभं आयुष्य त्या मशीनच्या किरकिरीत गेलं. गाळा विकला तेव्हा मला वाटलं, आता रत्नागिरीचं घर नीट करतील. तर ह्यांनी आणली विजेवरची गाडी. बुटकी, पांढरी, आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटेल अशी. मी म्हटलं, "गोडदेवच्या गल्लीत ही कुठे पळवणार?"

"पळवायची नाही गं," हे म्हणाले. "आत बसून बघ. काही ऐकू येतं?"

काहीच ऐकू येत नव्हतं. ह्यांचा चेहरा मात्र फुलला होता.

मला गाडी शिकवलीही ह्यांनीच. पण हवा, टायर, चार्जिंग हे सगळं ह्यांच्याकडे. मला स्टिअरिंगच्या पलीकडचं काही ठाऊक नव्हतं.

घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काशीगावजवळ हायवेला लागून असलेल्या टायरच्या दुकानात गेले. दुकानदाराने चाकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "भाभीजी, इसमें कुछ बचा नहीं है. बॅटरी का वजन, ऊपर से इतना पिकअप. ये गाडी टायर खाती है." मग तो पर्याय सांगायला लागला. एक टायर रस्त्याला धरून राहणारा, पण मऊ, लवकर झिजणारा. दुसरा बारमाही, उन्हापावसात सारखा चालणारा, टिकाऊ, पण थोडा आवाज करणारा, आणि एका चार्जिंगमध्ये गाडी जरा कमी पळणार. तिसरा गाडीबरोबर आला होता तसाच, आतून स्पंज लावलेला, म्हणून शांत. तो मात्र बाहेरून मागवायचा. कधी येईल? "बोल नहीं सकता."

घरी येऊन मुलीला फोन लावला. ती कॅनडात असते.

"आई, ऑल-सीझन घे. इकडे पुष्कळ जण तेच वापरतात."

"तुमच्याकडे बर्फ पडतो. आमच्याकडे कसले सीझन? ऊन नाहीतर पाणी."

"मग बाबांना विचार ना. त्यांना सगळं माहितीय."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. मग म्हणाली, "सॉरी, आई."

पण विचारायला तर हवंच होतं. गाडी ह्यांची. मी न विचारता काहीतरी बसवून आणलं असतं, तर उरलासुरला अधिकारही काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून ह्यांना घेऊन गेले. हळूहळू, डावी लेन धरून.

दुकानदाराने प्लास्टिकची खुर्ची दिली, समोर दोन टायर आडवे ठेवले आणि स्पंजवाल्याचा फोटो मोबाइलवर उघडून दिला. ह्यांनी काठी मांडीला टेकवली, वाकून डावा तळवा टायरवर ठेवला. नखाने रबर दाबून बघितलं. खाचांमधून बोट फिरवलं. कितीतरी दिवसांनी ह्यांना असं कामात बघत होते. मला वाटलं, आता कळेल.

"अहो, हा घ्यायचा?"

"हो."

"की हा? बारमाही?"

"हो."

"की फोटोतला? थांबायचं का त्याच्यासाठी?"

ह्यांनी मोबाइल हातात घेतला. बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग तो मांडीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. तोच हवा होता, की तो मिळणार नाही म्हणून मिटले? मी पुन्हा विचारलं. बोट दाखवा म्हटलं. ह्यांनी बोट उचललं आणि ते दोन टायरांच्या मधे कुठेतरी खाली आलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा काठी फरशीवर आपटली आणि ओरडले, "हो! हो!" कपाळाची शीर तट्ट फुगली होती. दुकानदार पाठ करून हायवेकडे बघत उभा राहिला.

थांबणं शक्य नव्हतं. फिजिओथेरपी चुकवायची नाही असं बजावलेलं होतं, आणि तो उतार मला झोपेतसुद्धा दिसत होता. मी म्हटलं, "भैया, बारमाहीवाला डाल दो."

चाकं बसेपर्यंत ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

परत येताना गाडी रस्त्याला चिकटून चालली. ब्रेक लावला की जागच्या जागी. मला हायसं वाटलं. पण काँक्रीटवर आल्यावर खालून एक सततची घरघर यायला लागली. फार नव्हती. नवख्या माणसाला जाणवलीही नसती. ह्यांनी मान तिरकी केली, ऐकलं, आणि डावा तळहात कानावर ठेवला. घर येईपर्यंत तो काढला नाही.

पुढच्या खेपेला हे गाडीत बसायलाच तयार होईनात. दार उघडून मी उभी, आणि हे पार्किंगच्या खांबाला धरून. आवाजामुळे? त्या दिवशीची भीती? माझं गाडी चालवणं? की सगळ्यांदेखत मी ह्यांना तीन-तीनदा विचारलं म्हणून? काय काय विचारणार, आणि उत्तराचं काय करणार! शेवटी टॅक्सी मागवली. त्यात मुकाट्याने बसले. टॅक्सी तर आमच्या गाडीच्या दुप्पट खडखडत होती.

तेव्हापासून आम्ही टॅक्सीनेच जातो. दुकानदार म्हणाला, गाडी एका जागी उभी ठेवू नका, टायर खालून चपटे होतात. म्हणून रविवारी सकाळी मी एकटीच वरसाव्याच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून येते. नव्या टायरच्या कडेला असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच आहेत.

परत येते तेव्हा हे गॅलरीत उभे असतात, ग्रिलला धरून. मी खालून हात करते. कधी तेही करतात.