सुमीसाठी केलेलं सरबत

एस.टी. राजापूरच्या स्टँडवर उभी होती आणि सुमी माझ्या आईच्या खांद्यावर झोपली होती. "पोर जागी व्हायच्या आत गाडीत बस," आई म्हणाली, "आणि मागं बघू नको." मी बघितलंच. आई पाठ फिरवून चालायला लागली होती. माझ्या लेकीचा इवलासा हात तिच्या पाठीवर लोंबत होता.

ह्यांना पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. राहायला एकच खोली, त्यात दोन दीर. तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे दिवसाही कोणी ना कोणी झोपलेलं. रांगतं, रडतं मूल तिथं ठेवायचं कुठं? "दिवाळीला येऊन घेऊन जा," आई म्हणाली होती. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. खोली तीच राहिली.

तुम्ही गावाकडची माणसं म्हणता, शहरात सुख लागलं म्हणून आम्ही परतलो नाही. पिंपरी तेव्हा शहर कुठलं! उघडा माळ, आणि चुलीतून आल्यासारखा वारा. आपल्याकडे घाम तरी येतो. इथं अंगातलं पाणी कुठं जातं तेच कळत नसे.

दीर आपापल्या बिऱ्हाडी गेले तेव्हा खोली मोकळी झाली. त्या मे महिन्यात माझा भाऊ सुमीला घेऊन आला. त्याआधी कितीतरी दिवस मी तयारीला लागले होते. कोकमाचं सरबत तर मला येतच होतं. कैऱ्या उकडून पन्हं केलं, त्यात वेलची घातली. शेजारच्या लाजवंतीबाई सिंधमधलं घरदार टाकून आलेल्या. त्यांनी ठादल शिकवलं: बदाम, खसखस, बडीशेप, थोडे मिरे भिजवून पाट्यावर वाटायचे आणि फडक्यातून थंड दुधात गाळायचे. "बारीक वाटो, बाई," त्या म्हणाल्या. "बच्ची पियेगी तो तुमको छोडेगी नहीं."

हे खडकीच्या बाजारातून सायकलच्या कॅरियरला बर्फ बांधून घेऊन आले, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेला. निम्मा वाटेतच वितळला होता. उरलेला मी फडक्यात बांधून वरवंट्यानं फोडला आणि कोकमाच्या लालबुंद सरबतात टाकला.

सुमीनं बर्फ कधी पाहिलाच नव्हता. पेल्यात बोट घातलं, दचकली, पुन्हा घातलं. मग खडा गालाला लावून अशी खिदळली की दारात बायका जमल्या. ठादलही प्यायली, ओठांवर दुधाच्या मिशा आल्या. मला वाटलं, जमलं. आता ही माझी झाली. तेवढ्यात तिनं पेला पुढं केला.

"मावशी, आनिक एक खडा दे ना."

"अगं, मावशी काय? आई आहे ती तुझी," हे म्हणाले.

सुमीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नाय. आय गावाला हाय."

मी बर्फाचा खडा तिच्या पेल्यात टाकला. दुसरं काय करणार होते?

महिनाभर मी रोज काहीतरी थंडगार करत राहिले. ती दुपारी हसत प्यायची आणि दिवेलागणीला दाराकडे तोंड करून "आय" म्हणून रडायची. जेवण तुटलं. हे म्हणत होते, ठेव, रुळेल. भाऊ चौकशीला आला तेव्हा त्यानं आईचा निरोप सांगितला, "पोर झुरत असली तर परत धाड. तुझीच हाय ती, कुठं जात नाय." सुमी त्याला बघून धावत सुटली. मी तिची ट्रंक भरली.

ती तिथंच वाढली, शिकली, लांज्याला सासरी गेली. माझ्या आईला ती शेवटपर्यंत अगंतुगं करायची. मला मात्र "तुम्ही दमला असाल, बसा." वाकून नमस्कार करायची. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नसायची.

पिंपरीत मला पुढं दोन मुलगे झाले. त्यांचं गाव पिंपरीच. मला कोणी गाव विचारलं की मी राजापूर सांगते, आणि राजापुरात मला पिंपरीवाली म्हणतात.

आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ओटीवर बायका सुमीला धरून बसल्या होत्या. कोणी तिची पाठ चोळत होती, कोणी तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होती. मला बघून त्यातली एक उठली, माझ्यासाठी पाट मांडला आणि मायेनं विचारलं, "प्रवासात तरास नाय ना झाला?"

मी पाटावर बसले. रडायला मला तिथं जागाच सापडेना.