कर्जतच्या कापडवाल्याची सरदारकी

खालापूरला जायचं ठरलं ते माझ्या बडबडीमुळे. मी कर्जतच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी बाबूशेठच्या कापडाच्या दुकानात बसून इतिहास सांगायची मला खोड. त्या दिवशी विषय होता इटलीतल्या जुन्या शहरांचा. तिथे लोकरीचे, कापडाचे व्यापारीही सरदार होत. नगराचे पंच भर चौकात त्यांच्या कमरेला तलवार आणि टाचांना घोड्याला टोचायचे सोनेरी काटे बांधत. मग शपथ: भ्यायचं नाही, बाईला संकटात सोडून पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही.

"कापडवाले?" बाबूशेठनं हातातला गज खाली ठेवला.

त्यांचं दुखणं मला ठाऊक होतं. दिवाळीत बाजारात बैल उधळला, तेव्हा शेठ बायकोला, म्हणजे गोदावहिनींना, रस्त्यात सोडून पळाले ते थेट मारुतीच्या देवळात. वर गावभर सांगत सुटले, मी काठी आणायला गेलो होतो. दोन दिवसांनी वहिनी खालापूरला माहेरी गेल्या, त्या पौष आला तरी परतल्या नव्हत्या. शेठ अर्धे झाले होते.

"सरदारासारखा जातो, मास्तर. मग तरी येईल." शपथेतल्या पहिल्या दोन गोष्टी त्यांना पटल्या. तिसरी दुकानदाराला परवडायची नाही म्हणाले.

तलवार तमाशाच्या फडातून आणली; लाकडी, वरून बेगड. पंच म्हणून मीच ती शेजारच्या वाण्यासमक्ष त्यांच्या कमरेला बांधली. घोडा नेरळहून आला, माथेरानवर पाहुणे नेणारा, सोबत मालक इस्माईलचाचा. तुम्ही जाणार असाल तर सरळ बैलगाडी करा. स्वस्त पडते आणि कंबर शाबूत राहते.

"शेठ, याला मडमांची सवय हाय," चाचांनी आधीच बजावलं. "पुरुष बसला की रुसतो."

पळसदरीपर्यंत रस्ता बरा, पुढे नुसते दगड आणि धूळ. घोडा मनाला येईल तिथे उभा राही. वर शेठ तलवार उपसून बसलेले आणि मागून मी नि चाचा ढकलतोय! एका आंब्याखाली तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं, तेवढंच सुख.

खालापूरच्या अलीकडे पाताळगंगेत गुडघाभर पाणी होतं. ऐन मध्यावर घोड्यानं पाणी प्यायला मान खाली घातली आणि सरदार त्या मानेवरून घसरत नदीत. मी पोट धरधरून हसलो. मग शेठचा चेहरा दिसला आणि गप्प झालो.

"आता नाय येनार ती," ते पाण्यात बसूनच म्हणाले. तलवारीची बेगड वाहून गेली होती.

सासऱ्यांच्या अंगणात वहिनी तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मिळाली का काठी?"

शेठ निथळत उभे. मला वाटलं, आता नवी थाप येणार.

"काठीबिठी काय नव्हती गं. घाबरलो मी. तू मागं राहिलीस, ते देवळात शिरल्यावर आठवलं."

सूप थांबलं. "पळालात त्याचा राग नव्हता. बैल होताच तसा. पन तुमी गावभर थाप मारलीत, नि मला समद्यांसमोर हो म्हनायला लावलंत."

"आता गावभर खरं सांगतो."

"सांगा, वाटेपासूनच. तर येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घोड्यावर बसल्या, लुगडं सावरून, पाय एका बाजूला. घोड्याला काय आनंद झाला! कर्जतपर्यंत एकदाही थांबला नाही. पुढे लगाम धरून शेठ चालत होते आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "मी बैलाला भिऊन पळालो होतो, बरं का!" वहिनी पदराआड हसत होत्या.

घरी आल्यावर माझी कंबर आठवडाभर धरली होती. सोनेरी काट्यांचं शेठ पुन्हा काही बोलले नाहीत. परवा बाजारात परत बैल उधळला. शेठ सगळ्यांच्या आधी पळाले, "घाबरलो रे, घाबरलो!" असं ओरडत. पण या खेपेला वहिनींचा हात त्यांच्या हातात घट्ट धरलेला होता.